कर्ण्याचा इतिहास आणि सभेचा आवाज

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यानंतर निदान पन्नास वर्षे वक्त्याने छातीच्या बळावर बोलावे आणि श्रोत्यांनी जीव कानांत आणून ऐकावे, हाच शिरस्ता होता. आज वक्त्यासमोर माइक नसेल तर व्याख्यान सुरूच होत नाही. माइक सर्वांना दिसतो. परंतु खांबाला टांगलेल्या कर्ण्याकडे, आणि त्या कर्ण्याच्या मागच्या डबीत बसवलेल्या तांब्याच्या लहानशा गुंडाळीकडे कुणाचे लक्ष जात नाही. आज मी तुमच्यापुढे त्या कर्ण्याचा आणि त्या गुंडाळीचा इतिहास मांडणार आहे. विषय यंत्राचा असला तरी तो एकट्या मंडपवाल्याचा नाही. कोणाचा आवाज कुठवर पोहोचावा, हा लोकशाहीतला मूळ प्रश्न आहे, आणि गेली शंभर वर्षे त्याचे उत्तर बऱ्याच अंशी या कर्ण्याने दिले आहे.

कर्णा येण्यापूर्वी गावात दवंडी होती. दवंडी पिटणारा चार चौकांत चार वेळा तेच ओरडून सांगे. नाटकगृहात गायकनट शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचेल अशी तालीम घेत. कीर्तनकाराला देवळाच्या भिंतींची साथ मिळे. उघड्या मैदानावरची सभा मात्र अवघड होती, आणि त्याचे कारण निसर्गातच आहे. उघड्यावर आवाज चारी दिशांना पसरतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. दहा हातांवरच्या माणसाला जे बोलणे मिळते, त्याचा चाळीस हातांवरच्या माणसाला सोळावा हिस्सा मिळतो. त्यात वारा, गर्दीची कुजबूज आणि पोरांचे रडणे मिसळले की मागच्यांना पुढाऱ्याचे हातवारे तेवढे दिसायचे.

म्हणून मोठ्या सभेचा पुढारी व्हायला विचारांच्या आधी बळकट फुप्फुसे लागत. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख माणसे सहा महिने एका विचाराने धरून ठेवायची, तर रोज कुठे ना कुठे बोलावेच लागे. अशा वेळी ज्याचा आवाज पहाडी, त्याचेच म्हणणे लोकांपर्यंत जाई. बाईमाणसाचा, म्हाताऱ्याचा, आजाऱ्याचा किंवा स्वभावानेच हळू बोलणाऱ्याचा शहाणपणा पहिल्या चार रांगांत विरून जाई. ही एक प्रकारची विषमताच होती. ती कुणी कायद्याने लादलेली नव्हती, एवढेच.

या अडचणीवरचा तोडगा दोन गोष्टींच्या जोडीतून निघाला. पहिली गोष्ट म्हणजे कर्णा. शिंग आणि तुतारी यांच्या रूपाने तो आपल्याला शतकानुशतके ठाऊक होता. दुसरी गोष्ट म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी. इंग्लंडातील ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली तिचे पेटंट घेतले. हिलाच आज कारागीर व्हॉइस कॉइल, किंवा नुसते कॉइल म्हणतात. बोलण्याच्या तालावर कमीजास्त होणारी वीज कॉइलमधून गेली की ती फटीत पुढेमागे होते. तिला चिकटवलेला पडदा हलतो. पडद्यामुळे हवा हलते आणि आवाज उमटतो.

अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी अशा पडद्यापुढे ग्रामोफोनचा कर्णा बसवला. २४ डिसेंबर १९१५ रोजी सान फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर त्यांनी प्रचंड जमावाला भाषणे व संगीत ऐकवले. पुढे १९ सप्टेंबर १९१९ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन सान डिएगोच्या मैदानात काचेच्या खोलीत उभे राहून राष्ट्रसंघाच्या बाजूने बोलले, ते हजारो लोकांनी याच यंत्रातून ऐकले.

येथे कर्णा नेमके काय करतो, हे समजून घेतले पाहिजे. हवा फार हलकी आहे. उघडा पडदा तिला ढकलू लागला की ती बाजूला सरकते आणि पडद्याची बरीचशी मेहनत वाया जाते. हात हवेत जोराने हलवला तर काही अडत नाही. तोच हात तापीच्या पाण्यात हलवा, म्हणजे पाणी हाताला भिडते आणि लाट उठते. कर्ण्याचा अरुंद गळा पडद्यापुढची हवा कोंडून तिला पाण्यासारखी भिडायला लावतो, आणि मग हळूहळू रुंद होत जाणारे त्याचे अंग ती लाट फुटू न देता मैदानात सोडते. वेबस्टर यांनी १९१९ साली या रुंदावण्याचे गणित मांडले आणि १९२४ साली हॅना व स्लेपियन यांनी ते ध्वनिक्षेपकाला लावून दाखवले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९२६ साली ५५५ नावाचे युनिट काढले. त्याला दिलेल्या विजेचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त आवाजात उतरत असे. याउलट १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी घरगुती रेडिओसाठी बिनकर्ण्याचा कागदी शंकू पुढे आणला. तो गोड बोले, पण त्याच्या विजेतला शेकडा एखादा हिस्साच आवाज होई. उरलेल्या विजेने फक्त कॉइल तापे. वीज महाग आणि अ‍ॅम्प्लिफायर दुबळे, अशा काळात सभेसाठी कर्ण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

हिंदुस्थानात हे यंत्र राजकीय सभेत रुजवण्याचे काम एका सिंधी कुटुंबाने केले. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सक्कर येथे विजेच्या मालाचा धंदा सुरू केला. पुढे तो कराचीस आणि तेथून मुंबईस आला आणि शिकागो रेडिओ या नावाने देशभर ओळखला जाऊ लागला. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे व्रतच घेतले. मार्च १९३१ मध्ये कराचीस वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हापासून त्यांचे कर्णे अधिवेशनांचा भाग झाले. कामगाराला जगण्यापुरते वेतन आणि कामाच्या तासांना मर्यादा हवी, असा मूलभूत हक्कांचा ठराव याच अधिवेशनाने केला, ही गोष्ट आम्ही युनियनची माणसे विसरत नाही. पुढे १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर नानिक मोटवाने यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. त्यांची निर्दोष सुटका झाली, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. लोकांपर्यंत आवाज नेणारे यंत्र सरकारला किती बोचत होते, ते यावरून दिसते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी तापीपलीकडे फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. नंदलाल बोस यांनी बांबू, तट्टे अशा गावच्याच साहित्यातून टिळकनगर उभे केले होते. साने गुरुजींनी गावोगाव फिरून खानदेशच्या शेतकऱ्याला त्या अधिवेशनाची हाक दिली होती. गांधीजींनी खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले, आणि जमीन, शेतसारा व कर्ज यांवरचा शेतीविषयक कार्यक्रम तेथे मंजूर झाला. कराचीपासून सुरू झालेल्या त्या मालिकेतच हे अधिवेशन येते. शहरात पक्क्या भिंतींचे सभागृह आवाज परतवून थोडी मदत तरी करते. बांबूच्या नगरात आणि उघड्या रानात ती मदत कुठली? ग्रामोद्योगांच्या त्या नगरात कर्णा ही परदेशी विद्येची वस्तू होती खरी. तरीपण तिच्यामुळे मागे घोंगडीवर बसलेल्या शेतकऱ्याला व्यासपीठाजवळच्या प्रतिनिधीइतकेच ऐकता येणार होते. गांधीजींसारख्या हळू बोलणाऱ्या माणसाचा शब्द गावच्या माणसांपर्यंत थेट जावा, याचे बरेचसे श्रेय या पत्र्याच्या कर्ण्याला दिले पाहिजे.

परंतु कर्णा टांगला की सभा ऐकू येते, असे नाही. कॉइल, अ‍ॅम्प्लिफायर आणि मधली तार यांचा मेळ बसावा लागतो, आणि येथे ओहमचा हिशेब येतो. विजेच्या वाटेतला अडथळा ओहममध्ये मोजतात. युनिटवर ८ किंवा १६ ओहम लिहिलेले असते. मीटर लावून पाहिले तर ८ ओहमच्या कॉइलवर सहाच्या आसपास आकडा दिसतो. कारण मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो, आणि लिहिलेला आकडा बोलती वीज वाहताना लागणारा अडथळा सांगतो. शिवाय हा अडथळा प्रत्येक स्वराला वेगळा असतो. म्हणून त्याला इम्पीडन्स असे निराळे नाव आहे.

समजा, ८ ओहमचा एक कर्णा शंभर मीटर दूर लावायचा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जाऊन येऊन दोनशे मीटर लागेल आणि तिचा रोध साडेतीन ओहमच्या घरात जाईल. म्हणजे निघालेल्या शक्तीतला जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेतच तार तापवण्यात खर्ची पडेल. यावर जुन्या तंत्रज्ञांनी शंभर व्होल्टच्या लाइनचा उपाय काढला. विजेच्या खांबांवरून वीज मोठ्या दाबाने नेतात आणि घराजवळ तो दाब उतरवतात, तीच युक्ती. प्रत्येक कर्ण्याजवळ लहानसा ट्रान्स्फॉर्मर बसवतात. दहा वॉटचा कर्णा मग लाइनला हजार ओहमचा दिसतो. असे दहा कर्णे जोडले तर शंभर ओहमचे. अशा लाइनवर साडेतीन ओहमची तार शेकडा तीन-चार इतकेच खाते. गावभर पसरलेल्या यात्रेत किंवा लांबलचक मिरवणुकीत शेवटच्या माणसाला पहिल्याइतकेच ऐकू येते, ते या साध्या हिशेबामुळे.

आता गेट मीटिंगचे उदाहरण घ्या. भुसावळची रेल्वे जुनी. भुसावळला आयुध निर्माणी झाली, आणि १९६४ साली आपल्या वरणगावलाही झाली. पाळी सुटते आणि दुसरी भरते, त्या दहा मिनिटांत रिक्षावर कर्णा बांधून बोलावे लागते. तेथे वीज असते बारा व्होल्टच्या बॅटरीची. एवढ्या दाबावर साधा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमच्या कॉइलमध्ये जेमतेम सव्वादोन वॉट ढकलू शकतो. ४ ओहमची कॉइल घेतली तर साडेचार. दाब कमी असेल तेव्हा कॉइल कमी ओहमची घ्यावी, नाहीतर दाब ट्रान्स्फॉर्मरने चढवून घ्यावा. ज्याने हा हिशेब केला, त्याच्या चार वॉटच्या कर्ण्याने गेटसमोरचा चौक भरतो. ज्याने केला नाही, त्याच्या चाळीस वॉटच्या यंत्रातूनही नुसती घरघर निघते. आणि कमी ओहम म्हणजे अधिक आवाज, असे समजून कॉइलवर कॉइल जोडत जाणे हाही अविचारच. ८ ओहमच्या दोन कॉइली बाजूबाजूने जोडल्या की ४ होतात, चार जोडल्या की २. ताकदीबाहेरचे ओझे दिले की माणूस बसतो, तसा अ‍ॅम्प्लिफायरही बसतो.

आतापर्यंत मी बोलण्याच्या कर्ण्याविषयी सांगितले. त्यात ढोलासारखे खर्जाचे स्वर का येत नाहीत, असे कुणी विचारील. उत्तर लांबीरुंदीत आहे. कर्ण्याच्या तोंडाचा घेर त्यातल्या सर्वांत खालच्या स्वराच्या लाटेएवढा असावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. सेकंदाला ३०० कंपनांच्या स्वराची लाट सव्वा मीटरच्या आतच असते, म्हणून सव्वा फूट व्यासाचे तोंड पुरते. ५० कंपनांच्या खर्जाची लाट सात मीटर. तिला तब्बल सव्वादोन मीटर व्यासाचे तोंड हवे. टेलिफोनने अनेक दशके सुमारे ३०० ते ३४०० कंपनांच्या पट्ट्यातच काम भागवले, आणि तरी मुंबईच्या मुलाचे बोलणे गावच्या आईला कळत आले आहे. अर्थ व्यंजनांत असतो आणि व्यंजने वरच्या पट्टीत असतात. खर्जाने अंग थरारते, पण वाक्य समजायला त्याचा उपयोग फारसा नाही. म्हणजे सभेचा कर्णा कंजूषपणाने लहान ठेवलेला नाही. तो अर्थाच्या मापाने कापलेला आहे.

बोलपटाला मात्र खर्ज हवा होता. फैजपूरला काँग्रेस भरली त्याच सुमारास हॉलिवुडच्या एम.जी.एम. स्टुडिओने पडद्यामागे ठेवण्यासाठी खर्जाचे अवाढव्य कर्णे तयार केले. पुढे १९४६ साली पॉल क्लिप्श यांनी कर्णा घडी घालून पेटीत बसवला आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींनाच त्याचे तोंड बनवून विकायला सुरुवात केली. अशा पेटीत कुठलेही युनिट चालत नाही. साध्या पेटीत मऊ बसणीचे जड युनिट शोभते. कर्ण्याला लागते हलक्या, ताठ कागदाचे आणि जबर चुंबकाचे, कारण त्याला कोंडलेली हवा रेटायची असते. असे युनिट साध्या पेटीत ठेवले तर त्याचा खर्ज पातळ वाटतो. तेच कर्ण्यात बसवले की गरजते. त्या कर्ण्याच्या आवाक्याखालचा स्वर मात्र त्याला देऊ नये. तेथे हवेची साथ सुटते, पडदा मोकाट हलतो आणि कॉइल फटीबाहेर पडून फाटते. खालचे स्वर आधीच गाळून टाकणे, हे शहाण्या कारागिराचे लक्षण.

ही विद्या वाईट नाही. तिचा आपण केलेला उपयोग मात्र तपासला पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर स्वस्त झाले, वॉटांची टंचाई संपली, आणि मिरवणुकीत ट्रकभर खर्जाच्या पेट्यांची भिंत उभी राहू लागली. लोक तिला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली आपली कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातली नको असलेली खरखर कमी करण्यासाठी. त्या सज्जनाचे नाव आपल्याकडे कशाला चिकटावे, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

कामगार म्हणून मला येथे एक हिशेब मांडायचा आहे. कारखान्याच्या नियमांत कानाला सोसेल अशा आवाजाचे कोष्टक आहे: ९० डेसिबल आठ तास, १०० डेसिबल दोन तास, ११० डेसिबल केवळ अर्धा तास. हे कोष्टक पाळले जावे, यंत्राशेजारच्या माणसाला कानाची बोंडे मिळावीत, म्हणून युनियनने जागोजागी भांडावे लागते. तोच कामगार उत्सवाच्या दिवशी पेट्यांच्या भिंतीपुढे चार-चार तास उभा राहतो, आणि तेथे कोष्टक विचारणारा कुणी नसतो. त्या ट्रकवर बटणे फिरवणारा वीस वर्षांचा पोरगा तर हंगामभर उभा असतो. तोही मजूरच आहे. त्याच्या कानांचा विमा नाही आणि त्याची युनियनही नाही. ऐकू येणे एकदा गेले की पगारवाढीने परत येत नाही.

यंत्राच्या बाजूनेही ही हाव आतबट्ट्याची आहे. कॉइल जसजशी तापते तसतसा तांब्याचा रोध वाढतो. दोनशे अंशांनी तापली तर तो पावणेदोनपटीवर जातो. मग बटण आणखी पिरगाळावे, तर आवाज थोडाच वाढतो आणि उष्णता फार वाढते. मे महिन्यातल्या खानदेशच्या उन्हात तर कॉइलला थंड व्हायला जागाच नसते. रात्री जळालेल्या कॉइलचे पैसे सकाळी बहुधा त्या पोराच्या मजुरीतूनच कापले जातात.

कायदा नाही असे नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे; वर्षातून मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात सांगितले की, बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याचा हक्क येत नाही. परंतु नुसत्या बंदीने मला समाधान नाही. सभा हे गरिबाचे वर्तमानपत्र आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही, ज्याला मोठ्या पडद्यावर कुणी बोलावत नाही, त्याने चौकात उभे राहून आपले म्हणणे मांडावे, यासाठी कर्णा जन्मला. गोंगाटाला विटून लोक उद्या प्रत्येक कर्ण्यालाच नको म्हणू लागले, तर पहिली गप्प होईल ती गेटवरची सभा आणि मोर्चा. पैसेवाल्याचा आवाज दुसऱ्या वाटांनी घराघरात पोहोचतच राहील. म्हणून कर्णा नीट वापरण्यात सर्वांत मोठा स्वार्थ आपलाच आहे.

नीट वापरणे कठीणही नाही. एका टोकाला डोंगराएवढा आवाज करण्याऐवजी लहान लहान कर्णे थोड्या थोड्या अंतरावर, श्रोत्यांकडे किंचित झुकवून लावावेत आणि प्रत्येकाला बेताची शक्ती द्यावी. लाइन शंभर व्होल्टची असावी आणि ट्रान्स्फॉर्मरची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या आत बसावी. कर्ण्यांची तोंडे एकाच दिशेला असावीत. शंभर मीटरला आवाज सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो, आणि समोरासमोर लावलेले कर्णे मधल्या माणसाला एकच वाक्य दोनदा ऐकवून एकदाही कळू देत नाहीत. गाण्याला खर्जाची पेटी हवी तर जरूर असावी, पण मांडवापुरती. आणि यंत्रावर बसणाऱ्या पोराला हा हिशेब शिकवावा, कानाची बोंडे द्यावीत, आणि त्याच्या कसबाची मजुरीही द्यावी.

फैजपूरच्या सभेत मागे बसलेल्या शेतकऱ्याला नेहरू काय म्हणाले ते ऐकायचे होते. आपली छाती हादरावी अशी त्याची अपेक्षा नव्हती. आपल्या गावची सभा असो, जयंती असो वा उत्सव असो, ठरवणाऱ्या मंडळींनी मंडपवाल्याला “किती वॉट?” असे विचारण्यापूर्वी “शेवटच्या रांगेला शब्द कळेल ना?” एवढे विचारावे. मंडपवाला कसबी असेल तर त्या प्रश्नावरूनच तो योग्य कर्णा, योग्य युनिट आणि योग्य ओहम निवडील.